बर्फाखालचे चौदा

दादामियाँचं अक्षर पुण्यातल्या तीन कचेऱ्यांत प्रसिद्ध होतं आणि त्यांचा स्वभाव चारांत. छापखान्याला लाजवील असा आकडा ते काढत, आणि त्या आकड्याकडे कुणी शंकेनं पाहिलं की आठवडाभर त्या माणसाच्या हातचा चहा घेत नसत. ऋतुमान संशोधन मंदिर नावाच्या संस्थेत त्यांनी अठ्ठावीस वर्षं नकलनवीस म्हणून काढली. दुसऱ्याच्या पुस्तकातले आकडे आपल्या वहीत जसेच्या तसे उतरवायचे, एवढंच काम. पण ते काम ते एखाद्या मशिदीची किल्ली सांभाळावी तसं सांभाळत. ‘आकडा हा पाहुणा असतो,’ ते म्हणायचे, ‘आला तसा पुढे पोचवायचा. त्याचे कपडे बदलायचे नाहीत.’

निवृत्तीनंतर ते बिबवेवाडीत लेकीकडे, नसीमकडे राहायला आले. खाली नसीमचं ब्लाउज शिवायचं दुकान, वर दोन खोल्या. बायको अमिनाबी जाऊन सहा वर्षं झाली होती. दादामियाँ शहात्तर वर्षांचे झाले होते, गुडघे कुरकुरत होते, पण दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबर अजून त्यांनीच रंगवलेला होता आणि येणारीजाणारी गिऱ्हाइकं त्याचं कौतुक करत. त्यांना तेवढं पुरत होतं.

दोन हजार एक सालच्या फेब्रुवारीत, एका सोमवारी, संस्थेतून हेमा नावाची मुलगी त्यांना भेटायला आली. अकराला येणार म्हणाली होती, साडेबाराला पोचली. कोइमतूरची. पुण्यात दोन वर्षं झालेली, मराठी धिटाईनं बोलायची, पण वाचायचा कंटाळा. एरवी सगळीकडे स्कूटीवरून फिरायची, ती नेमकी गॅरेजमध्ये होती.

“काका, मी स्वारगेटला एक तास उभी होते,” ती घाम पुसत म्हणाली. “चौदा नंबरची बस एक पण नाही आली. अठ्ठ्याण्णव मात्र तीन वेळा आली. शेवटी रिक्षा केली.”

अठ्ठ्याण्णव नंबरची बस इकडे येतच नाही, असं नसीम म्हणाली. दादामियाँ म्हणाले की पीएमटीच्या मनात आलं तर ती बस कोइमतूरलाही जाईल. तिघंही हसली आणि विषय तिथंच संपला. चहा आला. मग हेमानं पिशवीतून कागदांची चळत काढली, आणि ती काढताना तिचा हात जरा अडखळला, हे दादामियाँच्या नजरेतून सुटलं नाही.

काम जुनंच होतं, एकोणसत्तर सालचं. उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात सैबेरियातल्या मोठमोठ्या नद्या जाऊन पडतात. त्यांचं गोडं पाणी दरवर्षी किती येतं, वर्षांमागून वर्षं ते वाढतं की घटतं, यावर त्या समुद्राचं बर्फ हलतं. आणि तिकडचं बर्फ हललं की त्याची बातमी आज ना उद्या आपल्या पावसापर्यंत पोचते, असं संस्थेतले शास्त्रज्ञ आप्पासाहेब म्हणायचे. लोक हसायचे. मुठेच्या पाण्याचा हिशेब लागत नाही आणि निघाले सैबेरियाला, असंही काही जण म्हणायचे, आणि पुण्यात असं म्हणणाऱ्यांची कधी टंचाई पडत नाही. पण आप्पासाहेब चिवट होते. एका परिषदेला आलेल्या रशियन शास्त्रज्ञाकडून त्यांनी नद्यांच्या मोजणीचं एक जाडजूड पुस्तक मागून घेतलं, अवघ्या बारा दिवसांच्या बोलीवर. संस्थेत नक्कल काढायचं यंत्र नव्हतं. दादामियाँ होते.

त्या पुस्तकात एका लहानशा नदीचे आकडे होते, मोठ्या नदीला मिळणाऱ्या, नाव घेताना जीभ अडखळणाऱ्या एका उपनदीचे. चाळीस वर्षांचे. दादामियाँनी ते सगळे वहीत उतरवले. पुढं रशियातलं ते मोजणीचं ठाणं बंद पडलं, तिथली कागदपत्रं आगीत गेली. आता परदेशातल्या एका विद्यापीठानं विचारलं होतं, पुण्यात त्याची नक्कल आहे असं ऐकतो, खरं का? असेल तर जगात तेवढीच उरली आहे.

“मग द्या की,” दादामियाँ म्हणाले. छाती जरा पुढं आली होती.

हेमा कपाकडे बघत बोलू लागली. उन्हाळ्याचे सगळे आकडे चोख होते. पण हिवाळ्याचे वेडेवाकडे होते. ती नदी जानेवारीत वरून दगडासारखी गोठते, बर्फाखालून जेमतेम पाणी वाहतं, सेकंदाला दहा-पंधरा घनमीटर. वहीत मात्र कुठं नव्याण्णव, कुठं अठ्ठ्याण्णव, कुठं ब्याण्णव. काही ठिकाणी आकड्यांऐवजी नुसत्या खुणाच. पहिले एकतीस हिवाळे हे असं, आणि मग एका ओळीपासून अचानक सगळं बरोबर. विभागप्रमुख डॉ. गोपाळकृष्ण देवस्थळी हसून म्हणाले होते की बहुधा त्या ओळीला नकलनविसांना चष्मा लागला असावा. शुक्रवारपर्यंत त्यांना परदेशी फॉर्मवर एक शब्द भरून पाठवायचा होता, ‘विश्वसनीय’ किंवा ‘अविश्वसनीय’. दुसरा शब्द गेला की वहीचं काम संपलं. संस्थेत साफसफाई चालली होती, आणि ज्याचं काम संपलं ते रद्दीत जात होतं.

दादामियाँचा चेहरा तापला. हे आकडे यंत्रात घालताना कुणीतरी गाढवपणा केला असणार, ते म्हणाले. वही पाहिली का कुणी?

“मी पाहिली काका,” हेमा हळू आवाजात म्हणाली. “अठ्ठ्याहत्तर साली मुंबईच्या एका कंपनीकडून वहीवरून संगणकासाठी कार्डं पंच करून घेतली होती. मला पण तसंच वाटलं होतं. म्हणून मी स्वतः वही उघडली. वहीत अठ्ठ्याण्णवच आहे. तुमच्या हाताचं.”

दादामियाँना लाज वाटली, आणि ती कुणापुढं वाटली हेही कळेना. आप्पासाहेब नव्हते, अमिना नव्हती. समोर एक परकी पोर होती, जी बिचारी त्यांची बाजू घ्यायला तासभर उन्हात तिष्ठली होती. त्यांनी तिनं आणलेली, यंत्रातून छापलेली आकड्यांची यादी ठेवून घेतली आणि वही बघायला मागितली. वही देवस्थळींच्या कुलपात होती आणि देवस्थळी शुक्रवारपर्यंत दौऱ्यावर होते. शुक्रवारी या, हेमा म्हणाली, फॉर्म जायच्या आधी.

तीन दिवस दादामियाँ यादी मांडीवर घेऊन गॅलरीत बसले. जेवणाकडे लक्ष नाही, पेपरकडे नाही. नसीमला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता. बत्तीस वर्षांपूर्वीच्या, कुणी कधी न पाहिलेल्या नदीसाठी माणसानं भाकरी टाकायची म्हणजे काय? एकदा तिनं तसं बोलूनही दाखवलं. दादामियाँ म्हणाले, “तुझ्या शिलाईवर कुणी म्हणालं की बाही उलटी लावलीय, तर तू जेवशील का?” ती जिना उतरून दुकानात गेली, कारण ती जेवली नसती.

हिवाळ्याच्या त्या आकड्यांची त्यांना चांगली आठवण होती, आणि खरं तर तेच जास्त टोचत होतं. उन्हाळ्याचे आकडे त्यांनी संस्थेत बसून एकट्यानं उतरवले होते. हिवाळ्याचे पुस्तकाच्या मागं, मुंगीएवढ्या टायपात होते. पुस्तक मंगळवारी परत जायचं होतं. म्हणून शनिवारी ते त्यांनी पिशवीत घालून गंज पेठेतल्या खोलीवर नेलं आणि रविवारी दिवसभर अमिनाबीला वाचायला बसवलं. ती मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. इंग्रजी आकडे तिला मापाच्या टेपमुळे पाठ होते, ती तेव्हा लोकांचे ब्लाउज शिवायची. लग्नानंतर बारा वर्षांनी दिवस गेले होते, नववा लागला होता, डॉक्टरांनी पडून राहा म्हणून सांगितलं होतं. ती उशीला टेकून बसायची, पुस्तक पोटावर ठेवायची आणि वाचायची. चौदा. बारा. अकरा. अकरा. मध्येच म्हणायची, ‘अहो, बिचारीला किती थंडी वाजत असेल.’ नदीचं नाव तिला येईना, म्हणून तिनं पुण्यातल्या ओढ्यावरून तिचं नाव आंबील ओढा ठेवलं होतं. उतरवलेलं दुसऱ्यांदा ताडून पाहायचं, हा दादामियाँचा कायदा. त्या वेळी तो एकदाच मोडला, कारण रविवारी दुपारीच पोटात कळा आल्या.

म्हणजे चूक झाली असेल तर तिथंच झाली असेल. तिनं चुकीचं वाचलं असेल किंवा त्यांनी चुकीचं ऐकलं असेल. तिच्यावर ढकलणं जिवावर येत होतं, आणि स्वतःवर घ्यायचं तर चूक नेमकी कुठली ते तरी कळायला हवं होतं.

गुरुवारी संध्याकाळी त्यांना यादीत एक गोष्ट दिसली. आयुष्यभर आकड्यांत राहिलेल्या माणसालाच दिसावी अशी. पहिल्या एकतीस हिवाळ्यांत एक हा आकडाच नव्हता. चारही नव्हता. पाच, सहा, सात, काही नाही. होते ते फक्त शून्य, दोन, तीन, आठ आणि नऊ. पुढच्या नऊ हिवाळ्यांत मात्र एक आणि सहा हवे तेवढे. “नसीम,” त्यांनी जिन्यातून हाक मारली, “एकतीस वर्षांत एक एकही नाही. असं कुठं असतं का?” खाली गिऱ्हाईक होतं. नसीमनं, अब्बा, आता नको, असं सांगितलं. असं कुठं नसतं हे त्यांना ठाऊक होतं. पण का, ते काही सुचत नव्हतं.

शुक्रवारी नसीम दुकान बंद करून त्यांच्याबरोबर निघाली. एकट्यानं गेलात तर भांडून याल, म्हणाली. स्वारगेटला बस बदलायची होती. गर्दी नेहमीचीच, केळीवाले, कंडक्टरांच्या शिट्ट्या, कुठली बस कुठं लागते ते माहीत असल्यासारखे धावणारे लोक. दादामियाँ कठड्याला टेकून उभे होते. समोरून बिबवेवाडीची बस वळली. कपाळावर पांढऱ्या रंगात नंबर होता, १४.

चौदा, त्यांनी मनात वाचलं. बिबवेवाडीची चौदा. म्हणजे हेमाची बस, जी तासभर आलीच नव्हती.

मग त्यांनी तो नंबर पुन्हा पाहिला. ओळखीच्या माणसाकडे अनोळखी होऊन पाहायचं फार अवघड असतं, पण त्यांनी डोळे बारीक केले आणि आपल्याला मराठी येतच नाही असं मनाशी धरलं. एकाचा गोल आणि खाली लोंबणारी शेपटी. चाराचं खाली मिटलेलं पोट. बस निघून गेली तरी ते बघतच राहिले.

“नसीम,” ते म्हणाले, “ती पोरगी खोटं बोलत नव्हती. तिच्या समोरून तीनदा अठ्ठ्याण्णव गेली.”

नसीमला वाटलं, उन्हाचा त्रास झाला. पण दादामियाँ हसत होते, आणि हसता हसता त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले.

संस्थेत देवस्थळींनी त्यांचं स्वागत पुणेरी पद्धतीनं केलं, म्हणजे घड्याळाकडे बघून. “बसा आपण,” ते म्हणाले. “उभं राहून चूक कबूल करायची आमच्याकडे पद्धत नाही. गोठलेली नदी जानेवारीत दुथडी भरून वाहते, हा चमत्कार फक्त आपल्याच वहीत आहे. म्हटलं, कर्त्याचं दर्शन घ्यावं.”

दादामियाँनी वही मागितली. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. बत्तीस वर्षांनी ती हातात आली होती, पण ते वेळ न घालवता मागच्या पानांवर गेले आणि एका ओळीवर बोट ठेवून वही हेमापुढं सरकवली. वाच, म्हणाले.

“अठ्ठ्याण्णव,” हेमा म्हणाली. “ब्याण्णव. नव्याण्णव. नव्याण्णव.”

मग त्यांनी वही देवस्थळींपुढं सरकवली. “आता आपण वाचा.”

देवस्थळींनी नाइलाजानं चष्मा लावला. “चौदा,” त्यांनी वाचलं. “बारा. अकरा. अक—” आणि ते थांबले. त्यांनी हेमाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि पुन्हा हेमाकडे.

मराठी डोळ्याला १४ आणि 14 दोन्ही चौदाच. म्हणून दादामियाँना तेव्हा काही खटकलं नव्हतं. मराठी न वाचणाऱ्या डोळ्याला मात्र १४ म्हणजे 98, म्हणून कोइमतूरच्या पोरीला वही उघडूनही काही दिसलं नव्हतं. मुंबईला ज्यानं कार्डं पंच केली, त्यालाही मराठी येत नसणार. शून्य, दोन, तीन दोन्हीकडे जवळपास सारखेच, ते त्यानं तसेच ठेवले. एकाचे नऊ केले, चाराचे आठ. पाचापासून पुढचे मराठी आकडे त्याला ओळखूच आले नाहीत, ती जागा त्यानं कोरी सोडली. हेमाला वहीत ज्या नुसत्या खुणा वाटल्या होत्या, त्या हेच आकडे.

“चूक माझी आहे,” दादामियाँ म्हणाले. “बायको वाचत होती, मराठीत. कानावर चौदा पडलं आणि हातानं मराठी चौदा काढलं. कान जसा, तसा हात. पुस्तकात इंग्रजी होते, मी त्यांचे कपडे बदलले. ताडून पाहिलं असतं तर तेव्हाच ध्यानात आलं असतं, ते राहून गेलं. पण पाहुणा चुकीचा नाही साहेब. पाहुणा तोच आहे.”

देवस्थळींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “वही मीच आधी उघडायला हवी होती,” ते म्हणाले. टोमण्यांवर संसार केलेल्या माणसानं एवढं म्हणणं, म्हणजे पुण्यात ती जवळजवळ क्षमायाचना झाली. मग फॉर्म बाजूला सारून त्यांनी विचारलं की हे सगळं ठीक, पण मग एका ओळीपासून इंग्रजी आकडे कसे सुरू झाले?

दादामियाँ म्हणाले की आधी आकडे यंत्रात नीट जाऊ द्यात, दुपारपर्यंत होतील. हेमा संगणकापुढं बसली. त्यांची नजर आता त्या बारीक अक्षरावर ठरेना, म्हणून वाचायला नसीम बसली.

नसीमनं असलं काही कधी वाचलं नव्हतं. सुरुवातीला ती बिचकत होती, मग लय सापडली. चौदा. बारा. अकरा. अकरा. दादामियाँ डोळे मिटून खुर्चीत बसले होते. अकरामधला ‘रा’ जरासा लांबवायची अमिनाबीची सवय लेकीत उतरली होती, हे त्यांच्या आजवर ध्यानात आलं नव्हतं. बारा. तेरा. अकरा. बारा. हेमाची बोटं चालत होती.

समासात मधूनमधून बारीक अक्षरात टिपणं होती. काम जिथं तुटेल तिथं लिहून ठेवायचं, कारण चूक नेहमी तुटल्या जागी होते, हाही दादामियाँचाच कायदा. नसीम तीही वाचत गेली. ‘येथे थांबलो. दूध उतू गेले.’ चौदा. तेरा. बारा. ‘येथे थांबलो. शेजारी साखर दिली.’ तेरा. चौदा. तेरा. देवस्थळी निघून गेले असते, पण ते दारापाशीच रेंगाळले. हेमानं एकदा पडद्यावरची रेघ बोटानं दाखवली. आता चढउतार वेडेवाकडे नव्हते. दशकामागून दशक बर्फाखालचं पाणी थोडं थोडं वाढत होतं, अकराचं चौदा, चौदाचं पंधरा. आप्पासाहेब असते तर त्यांनी सगळ्यांना स्वतःच्या खर्चानं बासुंदी खिलवली असती.

“पंधरा,” नसीमनं वाचलं. “चौदा. पंधरा.” आणि मग, “येथे थांबलो. रविवार, दुपारचे चार. अमिनाला दवाखान्यात नेले.”

खालची ओळ दुसऱ्या शाईतली होती. ती वाचायच्या आधी नसीमनं मान वर करून बापाकडे पाहिलं. त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

“सोमवार,” तिनं वाचलं. “मुलगी झाली. येथून पुढे एकट्याने.”

हेमाची बोटं थांबली. देवस्थळींना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. ते खिडकीबाहेर बघू लागले. नसीम वहीवर तळवा ठेवून बसली होती, आपण जन्मलो ती जागा झाकून.

“वाच की पुढं,” दादामियाँ डोळे न उघडताच म्हणाले. “पाहुणा ताटकळलाय.”

नसीमनं पदरानं नाक पुसलं आणि हात उचलला. पुढचा आकडा इंग्रजी होता, 16. हेमानं तो वाकून आधीच वाचला होता, पण ती थांबून राहिली.

“सोळा,” नसीमनं मराठीत वाचलं.